घोट्याएवढं पाणी

दुइशोनच्या अंगणात एक जर्मन गाडी उभी आहे. तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. सीटचं प्लॅस्टिकचं कव्हर अजून काढलेलं नाही, त्यामुळे अंडी स्वच्छ निघतात. या गाडीत बसण्याआधी आम्हा शेजाऱ्यांना बूट झटकून दाखवावे लागायचे. एकदा तर माझ्या हातातला पाव त्यानं डिकीत ठेवायला लावला होता, चुरा सांडेल म्हणून. त्या गाडीत आता कोंबडी परवानगी न घेता शिरते, हे बघून मला खरं तर बरं वाटायला हवं. वाटत नाही. कारण गाडी बुडाली तेव्हा मी आत बसलो होतो.

दुइशोन पिठाच्या गिरणीत वजनकाट्यावर असतो. माणूस सरळ. त्याला दोनच गोष्टींचं वेड: ही गाडी, आणि सासू.

सासूचं वेड असणारा जावई तुम्ही पाहिला नसेल. मीही दुसरा पाहिला नाही. त्याचं असं झालं, की कालिपा आपा, म्हणजे त्याची सासू, सात वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती. भांडण नाही, शिव्या नाहीत. सणावाराला जेवायला बोलावणार, सगळ्यांच्या बरोबरीनं वाढणार, फक्त त्याच्याशी बोलायचं झालं तर दुसऱ्याच्या तोंडून बोलणार.

"त्या माणसाला सांगा, बोर्सोक गरम आहेत."

बोर्सोक म्हणजे तळलेल्या कणकेचे तुकडे. तो माणूस हातभर अंतरावर बसलेला असायचा. मग कुणीतरी त्याला सांगायचं, "दुइशोन, बोर्सोक गरम आहेत." तो म्हणायचा, "आपांना सांगा, छान तळलेत." आणि ते उत्तर पुन्हा हातभर अंतर चालून परत जायचं.

चहाचंही तसंच. आमच्याकडे पाहुण्याची वाटी कधी भरत नाहीत. थोडासा चहा ओततात, म्हणजे तो पुन्हा मागतो, पुन्हा बसतो. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे पी आणि नीघ. दुइशोनची वाटी सात वर्षं काठोकाठ यायची. तो ती न सांडता प्यायला शिकला होता. आमच्या गल्लीत एवढा स्थिर हात दुसऱ्या कुणाचा नसेल.

याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. सात वर्षांपूर्वी, बर्फ वितळायच्या दिवसांत, सासरे जुमाली यांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. दुइशोनला फोन गेला, गाडी घेऊन ये. गाडी तेव्हा महिनाभरापूर्वीच आली होती. आपांचं घर रेल्वेलाइनच्या पलीकडे, आणि लाइनीच्या पुलाखालून जाणारा खोलगट रस्ता पाण्यानं भरलेला. मग तो मागे वळला आणि लांबून, रेल्वे फाटकाकडून गेला. फाटक बंद होतं. मालगाडी होती, आणि मालगाडीला कुणाच्या छातीचं काय. तो पोचला तेव्हा आपा म्हाताऱ्याचे डोळे मिटत होत्या.

डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. सगळं गाव म्हणालं, पुलाखाली कमरेएवढं पाणी, माणूस करणार काय? दुइशोनही हेच सांगायचा. फक्त आपा काही म्हणाल्या नाहीत, आणि त्या दिवसापासून काहीच म्हणाल्या नाहीत.

आता यंदाच्या मे महिन्याकडे येऊ.

आपांची धाकटी मुलगी जाझगुल. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. नवरा कामासाठी रशियात. कुठकुठल्या झऱ्यांचं पाणी पिऊन झालं, झाडांना चिंध्या बांधून झाल्या, आणि शेवटी गेल्या वर्षी तिला दिवस गेले. आपांनी जाहीर केलं, की जो सुयुंचू घेऊन येईल त्याला जुमालीचं खोगीर.

आमच्याकडे चांगली बातमी फुकट मिळत नाही. जो सगळ्यात आधी दारात येऊन "सुयुंचू!" असं ओरडतो, त्याला ऐकणाऱ्यानं काहीतरी द्यायचं असतं. आणि ते स्वतःच्या हातानं द्यायचं, त्याच्याकडे बघून, आशीर्वादाचे चार शब्द तोंडानं बोलून. आता पोरं फोनवरच सुयुंचू मागतात. आपांना ते मंजूर नाही. त्यांचा फोन फ्रिजवर असतो, बंद करून, बॅटरी वाचावी म्हणून. "फोनच्या हातावर मी काय ठेवू?" असं त्या विचारतात.

चांदीच्या पट्ट्यांचं ते खोगीर सुंदर होतं. पण दुइशोनकडे घोडा नाही, आणि गाडीवर खोगीर घालता येत नाही. त्याला हवे होते ते चार शब्द. "बाइके," मला तो म्हणाला होता (थोरल्या भावाला आमच्याकडे असं म्हणतात), "द्यावंच लागेल ना त्यांना? बघून? बोलून?"

"रीत आहे," मी म्हटलं. "रीत मोडून चालणार नाही त्यांना."

त्या दिवसापासून त्यानं गाडीची टाकी रिकामी होऊ दिली नाही.

जाझगुलला इस्पितळात नेलं त्या दिवशी मी बाजाराला निघालो होतो. दुइशोननं मला रस्त्यातच उचललं. "चला, साक्षीदार पाहिजे." मी निवृत्त आहे, म्हणजे मला कुणीही कुठंही नेऊ शकतं. बूट झटकून बसलो.

इस्पितळाच्या दारात पत्र्याखाली इस्काक उभा होता. हा दुइशोनचा साडू, मधल्या मुलीचा नवरा, गुराढोरांचा डॉक्टर. उंच, आनंदी आणि कुठल्याही गोष्टीचं वाईट न वाटून घेणारा. दुइशोनची बायको आत, इस्काकची आपांजवळ घरी, हे दोघं बाहेर. पाऊस सुरू झाला होता. नुसता पाऊस नव्हे, मधूनमधून गाराही. दुइशोन गाडीच्या टपाकडे बघत प्रत्येक गारेला दचकत होता.

"साडूभाऊ, गाडी घरी नेऊन झाका," इस्काक म्हणाला. "मी थांबतो. खोगीर मिळालं की तुम्हाला अधूनमधून बघायला देईन."

"तू आत जा, इस्काक. बाळंतपणाचं तुला कळतं."

"मला गाईंचं कळतं."

"मग सासरच्यांना सांगू का, तू काय म्हणालास ते?"

तेवढ्यात दुइशोनची बायको असिल्कान दारात आली. रडत होती, हसत होती, आणि दोघांकडे एकदम बघून म्हणाली, "मुलगा! दोघं बरे आहेत!"

दोन्ही साडूंनी एकमेकांना मिठी मारली. मिठी अर्धी असतानाच इस्काक पळत सुटला. असिल्कान मागून ओरडत होती, "अरे, आत येऊन तोंड तरी बघा त्याचं!" पण तोवर दोन्ही गाड्या इस्पितळाच्या फाटकाबाहेर पडल्या होत्या.

इस्काकनं डावीकडे वळण घेतलं, लांबच्या रस्त्याला, रेल्वे फाटकाकडे. दुइशोननं उजवीकडे.

"पुलाखालून?" मी विचारलं.

"जवळ आहे."

जवळ होतंच. पण मे महिन्यात आमच्या तोक्मोकमध्ये पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडतो. रस्त्याकडेच्या पाटांत तो गाद्या भरल्यासारखा साठतो आणि जाळ्या बुजवून टाकतो. मग तासभर पाऊस झाला की सगळ्या गावाचं पाणी पुलाखाली जमतं आणि तिथंच बसतं. आम्ही पोचलो तेव्हा पुलाखाली तळं झालं होतं. वरती पांढऱ्या कापसाची साय. बांधावर एक माणूस फावडं घेऊन उभा होता. आम्हाला बघून त्यानं हात हलवले.

"मागं घ्या! मधे चाकाच्या वर आहे! मगाशी एक बससुद्धा परत गेली!"

दुइशोननं गाडी थांबवली. पाण्याकडे बघत बसला. वायपर इकडून तिकडे जात होते.

"वळव," मी म्हटलं. "फाटकाकडून जाऊ."

"नाही."

"इस्काक त्याच रस्त्यानं गेलाय. फाटक बंद असेल तर तोही अडकेल."

"आज नाही वळायचं, बाइके."

"अरे, त्या वेळी तूच शहाणपणा केलास आणि..."

"आज नाही वळायचं," तो पुन्हा म्हणाला. मग त्यानं खाली वाकून बूट काढले, मोजे काढले, आणि दोन्ही माझ्या मांडीवर ठेवले. मला वाटलं, भिजू नयेत म्हणून. नंतर लक्षात आलं, पाणी आत आलं तर बुटांची माती गाडीत कालवली जाऊ नये म्हणून.

आम्ही गाडीसकट पाण्यात उतरलो. त्यानं घाई केली नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. अगदी हळू, पहिल्या गिअरमध्ये. आधी पाणी चाकांशी खुसफुसलं. मग दारांच्या फटींतून आत आलं, पायाखालची चटई उचलली गेली. "झालं, झालं, थोडंच राहिलं," दुइशोन म्हणत होता. मला वाटलं मला म्हणतोय. तो गाडीशी बोलत होता. बॉनेटवर कापसाची साय चढली. इंजिननं एकदा आवंढा गिळला, दोनदा खोकलं, आणि बरोबर मधोमध बंद पडलं.

वर पुलावर पाऊस वाजत होता. पलीकडचा चढ समोर दिसत होता, दगड मारला तर पोचेल एवढ्यावर.

त्यानं सेल्फ मारला. आतून फक्त एक टक् आवाज आला, जसं कुणी बंद दारावर एकदाच टकटक करावी.

"राहू दे," मी म्हटलं. "उतरून ढकलू. नाहीतर गाडी इथंच राहू दे, तू चालत जा. चालतही पहिला पोचशील."

"गाडी घेऊनच जायचंय."

"का?"

त्यानं दुसऱ्यांदा सेल्फ मारला. टक्. मग कपाळ स्टिअरिंगला टेकवून थोडा वेळ बसला. आणि तिसऱ्यांदा मारला.

इंजिन लागलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की त्याचं तेवढं आनंदी तोंड मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. ते तोंड तसंच असताना आतून आवाज आला. लोखंडाच्या पोटात लोखंड मोडल्याचा. त्यानंतर किल्ली फिरवली तर टक् सुद्धा झालं नाही.

"बाइके, हे काय झालं?"

"मला काय माहीत. मी घोड्यावर बसणारा माणूस."

दार ढकलून उघडलं तर उरलेलं तळंही आत आलं. आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. गडबडीत त्याचे बूट माझ्या मांडीवरून सुटले आणि शेजारी शेजारी तरंगत निघून गेले. निघताना त्यानं गाडीला कुलूप लावलं. आत पाणी होतं, ते कुणी चोरू नये म्हणून असेल.

आपांच्या घरापर्यंत तो अनवाणी चालला. चिखल, गारा, खडी. मी दोनदा म्हटलं, माझे बूट घाल. तो ऐकतच नव्हता. वाटेत फक्त एकदा म्हणाला, "फाटक बंद असेल, नाही का? या वेळेला मालगाडी असतेच."

फाटक उघडं होतं.

इस्काक जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाच्या वरच्या बाजूला, मानाच्या जागी बसला होता. मांडीवर खोगीर, लहान मूल घ्यावं तसं. एका हातात बोर्सोक, ओठांवर साय. त्याची बायको किटली घेऊन उभी. आपांचे डोळे रडून लाल झाले होते. पण डोक्याला आशीर्वादासाठी बांधलेला नवा रुमाल होता, म्हणजे आशीर्वाद देऊन झाला होता.

"या साडूभाऊ!" इस्काक ओरडला. "पोहत आलात की काय?"

दुइशोन उंबऱ्याशी थांबला. पाणी गळत होतं, म्हणून आत पाऊल टाकेना. "सुयुंचू," तो म्हणाला. अगदी हळू. रीत पुरी करायची म्हणून, किंवा सात वर्षं तोंडात घोळवलेला शब्द कुठंतरी टाकायचा म्हणून.

कुणी हसलं नाही. इस्काकही नाही.

आपा त्याच्या पायांकडे बघत होत्या. चिखलानं पोटऱ्यांपर्यंत काळे, एका अंगठ्यातून रक्त.

"गाडी कुठं आहे?" त्या म्हणाल्या.

मधल्या मुलीनं सवयीनं इकडंतिकडं बघितलं, हे कुणाला पोचवायचं म्हणून. शेवटी इस्काकनंच काम उरकलं. "साडूभाऊ, आपा विचारतायत, गाडी कुठं आहे?"

"मी त्याला विचारलं," आपा म्हणाल्या.

दुइशोननं तोंड उघडलं. सात वर्षांनी थेट प्रश्न आला होता.

"पुलाखाली, आपा. पाण्यात. बंद पडली."

"किती पाणी होतं?"

"कमरेएवढं."

"हा फाटकाकडून आला," आपा इस्काककडे मान वळवत म्हणाल्या. "तूही लांबून यायचं होतंस."

हे शब्द तोंडातून गेल्यावर त्या स्वतःच थांबल्या.

इस्काक बिचारा मनानं चांगला. खोगीर मिळाल्यानं त्याला जगातल्या सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटत होतं. तो म्हणाला, "तेच म्हणतो मी, आपा! त्या वर्षी एवढंच पाणी असताना यांनी शहाणपणा केला होता. घातली असती तर तेव्हाही अशीच बुडाली असती. उगाच का वळले होते? आज बघा, सिद्धच झालं."

मी मान डोलावली. मधल्या मुलीनंही. इतकी सरळ गोष्ट होती, की सात वर्षांत कुणी ती आपांना अशी समजावली कशी नाही याचं मला नवल वाटलं. दुइशोननं फक्त उभं राहायचं होतं. पुढचं सगळं आपोआप झालं असतं. गाडी गेली, पण गाडीनं जाता जाता त्याच्या बाजूनं साक्ष दिली होती.

"त्या दिवशी एवढं नव्हतं," दुइशोन म्हणाला.

इस्काकचा घास थांबला.

"घोट्याएवढं होतं, आपा. मी उतरून बघितलं होतं. गाडी नवीन होती. चिखल होता... मला वाटलं, फाटकाकडून फार वेळ लागणार नाही."

बाहेर गारा थांबल्या होत्या. पागोळ्या तेवढ्या पडत होत्या.

"माहीत आहे," आपा म्हणाल्या.

दुइशोननं वर बघितलं.

"मी पुलाच्या या तोंडाशी येऊन उभी होते. तुझी वाट बघत. त्या पाण्यातून थोडी पुढंही आले होते, अनवाणी, तुला दिसावं म्हणून. तुझे मागचे लाल दिवे दिसले." त्यांनी दस्तरखानावरचे चुरे गोळा केले, हळूहळू, एका जागी. "मला वाटलं, जोर घ्यायला मागं जातोयस. म्हणून थांबले जरा वेळ."

नंतर त्या उठल्या. मुलीच्या हातातून किटली घेतली, एक वाटी घेतली, स्वतः ओतली, आणि उंबऱ्याशी जाऊन स्वतःच्या हातानं त्याला दिली. आशीर्वाद नाही. कुठलाच शब्द नाही. तो उभ्यानं प्यायला. सात वर्षं थेंबही न सांडलेल्या त्या हातातून अर्धा चहा उंबऱ्यावर सांडला.

परतताना तो म्हणाला, "बाइके, वाटी किती भरली होती? मला बघवलंच नाही."

"मला दिसली नाही," मी म्हटलं. मला दिसली होती. काठोकाठ नव्हती. पण कमी म्हणावी अशीही नव्हती. आता याचा अर्थ मी त्याला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. आम्ही मिस्त्री आणि ट्रॅक्टर घेऊन गाडी ओढायला गेलो. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढून पिळला. त्यातून पाणी आणि कापूस निघाला. पुढं गॅरेजमध्ये इंजिन उघडल्यावर तो म्हणाला, कनेक्टिंग रॉड वाकलेत, एक तर ब्लॉक फोडून बाहेर आलाय. हे सांगताना त्याला भयंकर उत्साह आला होता, कारण असं त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. "पाणी दाबलं जात नाही ना! पिस्टन वर येतो, पाणी म्हणतं मी हलणार नाही. बंद पडली तेव्हाच सोडून दिली असतीत तर वाचली असती. वाळवली असती, तेल बदललं असतं, पळाली असती. चालू झाली तिथंच मेली."

दुइशोननं विचारलं, "पहिल्यांदाच सोडली असती तर?"

"तर काहीच झालं नसतं."

पण हे नंतरचं. त्या सकाळी, ट्रॅक्टरला दोर बांधेपर्यंत, दुइशोन दिसेना. मी शोधत पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी गेलो. तो तिथं उभा होता, आपांच्या घराकडच्या बाजूला. भिंतीवर कालच्या पाण्याची रेघ होती. खाली रस्त्यावर चिखलाचा पातळ थर. त्याचा एक बूट तिथंच कडेला पडला होता. तो त्यानं उचललाही नव्हता.

तो पुलाखालून आमच्या बाजूला बघत होता. समोर त्याची गाडी, तिच्यामागे चढ, चढावर ती जागा, जिथं कुणी आलं तर थांबतं आणि वळायचं असेल तर वळतं.

"इथून सगळं दिसतं, बाइके," तो म्हणाला.

मी त्याच्याशेजारी उभा राहून बघितलं. खरंच दिसत होतं.